मेमेरचं घर: तरटावरच्या गालिच्याच्या नोंदी

12 जानेवारी 2025

मेमेरची गालिचे करायची चौकट आज माळ्यावरून खाली आणली. एक टोक ह्यानं, माझ्या नवऱ्यानं, धरलं, दुसरं मी, आणि जिन्याच्या वळणावर भिंतीचा रंग खरवडून झाला. चौकट साधीच आहे. दोन लांब दांडे, दोन आडव्या पट्ट्या, पट्ट्यांना भोकं, भोकांत खुंट्या. दांड्यांवर तरट गुंडाळलेलं होतं. ते उलगडलं तर आत अर्धा गालिचा.

मेमेर म्हणजे ह्याची आजी. इथे शेतिकाँत, कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावर, अकादी घरं, म्हणजे जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे वंशज, आजीला अशीच हाक मारतात. 2022 साली गेली, 93 वर्षांची होती. मोतीबिंदू वाढला तेव्हा हे काम भिंतीला टेकवून ठेवलं ते कायमचंच.

माप घेतलं: 24 बाय 36 इंच. समुद्र पूर्ण, डोंगराचा उतार पूर्ण, कुंपण पूर्ण. मधलं घर मात्र नुसतं पेन्सिलीनं काढलेलं. छप्पर, बाजूची त्रिकोणी भिंत, दार, दोन खिडक्या, सगळं कोरं तरट. दाराशेजारी एक गोलसर आकार आहे, दगड असावा.

घर काप-रूजचं आहे हे ह्यानं बघताक्षणी सांगितलं. शेतिकाँच्या उत्तरेला, समुद्राच्या कडेची ती अकादी वस्ती. 1936 साली केप ब्रेटन हायलँड्स राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथल्या कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागल्या. मेमेर तेव्हा सात वर्षांची. म्हणजे सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत राहिलेलं घर, म्हातारपणी तरटावर उतरवायला घेतलेलं.

मी पूर्ण करते म्हणाले. हा म्हणाला, "तुला येतं?" नाही येत.

14 जानेवारी

मातांतना फोन केला. "मा तांत" म्हणजे मावशी-आत्या-काकी सगळंच. ह्याची ही आत्या, मेमेरची थोरली लेक. इथे फ्रेंचमध्ये सगळे सगळ्यांना "तू" म्हणतात, मीही त्यांना तोंडावर "तू"च म्हणते. पण वही मराठीत आहे आणि साताऱ्याहून आलेल्या सुनेला आत्येसासूबद्दल "ती आली" असं लिहिताना हात अडखळतो. वहीत त्या "त्या"च.

रविवारी येते म्हणाल्या. तोवर हात लावू नकोस. तरट सुकलंय, ओढलंस तर फाटेल.

तरटाला इथे "ब्रँ" म्हणतात. पूर्वी पिठाची, साखरेची, जनावरांच्या खाद्याची पोती उसवून, धुऊन त्यावरच गालिचे करायचे. ताग बहुतेक बंगालचा. बंगालात पिकलेला ताग पोतं होऊन अटलांटिकच्या काठावर यायचा आणि इथल्या बाईच्या जमिनीवर अंथरला जायचा. आमच्याकडे पोतं दारात पाय पुसायला पडायचं. इथे त्यावर गुलाब उमलले.

19 जानेवारी

पहिला धडा. मातांतनी स्वतःचा हूक आणला. लाकडी मूठ, पुढे खिळा, खिळ्याचं टोक कानशीनं घासून वाकवलेलं. त्यांच्या वडिलांनी केलेला. मूठ अंगठ्याच्या जागी खोलगट झालीय, आणि तो खळगा माझ्या अंगठ्याला लागत नाही, अर्धा इंच मागे येतो.

आधी तरट ताणलं. खुंट्या एकेक भोक पुढे सरकवत. मातांत बोटानं टिचकी मारून ऐकत होत्या. "अजून." टिचकी. "अजून." डफ शेकल्यावर जसा बोलतो तसा आवाज आल्यावर थांबल्या.

काम असं. धाग्याचा गुंडा खाली मांडीवर. डावा हात तरटाच्या खाली, चिमटीत धागा. उजव्या हातातला हूक वरून भोकात घालायचा, खालच्या हातानं धागा हुकाला अडकवायचा, वर ओढायचा. वर एक बारीक लूप उभा राहतो. पुढचं भोक, पुढचा लूप. गाठ कुठेच नाही. शेजारचे लूप एकमेकांना दाबून धरतात, तरटाचे धागे त्यांना आवळतात, तेवढ्यावरच सगळं उभं असतं. धागा संपला की टोक खाली लोंबत ठेवायचं नाही, वर काढून लूपच्या उंचीला कापायचं.

सरावासाठी वेगळा तुकडा दिला. तासाभरात माझ्या चार ओळी झाल्या. नवा लूप ओढताना मागचा निसटून खाली जात होता. मातांत म्हणाल्या, हूक सरळ ओढू नकोस, मागच्या लूपकडे कलंडून ओढ. त्यानं फरक पडला. पण उंची? एक लूप मुंगीएवढा, शेजारचा मोगऱ्याच्या कळीएवढा.

त्यांनी चारही ओळींचा धागा एका टोकाला धरून सर्रकन ओढला. पाच सेकंदांत तरट कोरं. धागा परत गुंडाळून माझ्या हातात. काही बोलल्या नाहीत.

26 जानेवारी

आठवडाभर रोज संध्याकाळी एक तास. आज मोजलं: मेमेरच्या समुद्रात एका इंचात आठ लूप, माझ्या तुकड्यावर सहा. तिच्या लूपची उंची जेमतेम तीन मिलिमीटर, सगळीकडे तेवढीच. हात फिरवला तर मखमल नाही, मखमलीपेक्षा कडक. नुकत्याच कापलेल्या केसांवरून हात फिरवावा तसं.

उलट्या बाजूनं पाहिलं तर जास्त कळतं. मागून तिच्या ओळी शिवणयंत्रानं मारल्यासारख्या. माझ्या मागच्या बाजूला धागा एका ओळीवरून दुसरीवर उडी मारून गेलेला. मातांत म्हणतात, तो पायात अडकणार आणि एक दिवस अख्खी ओळ ओढून काढणार.

जुने गालिचे असे बारीक लोकरीचे नव्हतेच. ते चिंध्यांचे. जुने कपडे फाडून पट्ट्या काढायच्या आणि त्या ओढायच्या. आमच्या वाकळीसारखंच: काही वाया घालवायचं नाही, थंडीला आडवं घालायचं. बारीक सुताची लोकर आणि फिके, मऊ रंग आले ते लिलियन बर्कमुळे. ही अमेरिकन चित्रकार, टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलच्या कुटुंबाच्या ओळखीनं ह्याच बेटावरच्या बेडेक गावी यायची. 1920च्या दशकाच्या अखेरीस तिनं शेतिकाँच्या बायकांकडून गालिचे करून घ्यायला सुरुवात केली, न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकांसाठी. नक्षी तिची, रंग तिचे, हात इथल्या बायकांचे. काही गालिचे इतके मोठे की एका चौकटीवर अनेक बायका बसायच्या.

पैसे चौरस फुटाच्या हिशेबानं मिळायचे. मंदीचे दिवस, मासळीला भाव नाही, त्यात रोख पैसा हातात येणं म्हणजे मोठीच गोष्ट. तरी तिथे न्यूयॉर्कात काय भावानं विकतात ते कळल्यावर कुरबूर व्हायचीच, आणि झाली. काही जणी वेगळ्या झाल्या, स्वतःच विकू लागल्या. मातांत हे सांगताना कुणाचीच बाजू घेत नाहीत. मी घेते. पण मला इथे येऊन जेमतेम सहा वर्षं झालीत, म्हणून तोंड बंद ठेवलं.

2 फेब्रुवारी

परवानगी मिळाली. घराच्या खालची गवताची मोकळी पट्टी, दोन बोटं रुंद, मी भरायची. हिरव्या लोकरीचा गुंडा मेमेरच्या डब्यातलाच. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत अकरा गुंडे, डांबराच्या गोळ्यांचा वास.

दीड तासात तीन इंच.

9 फेब्रुवारी

फाटलं.

माझीच चूक. तरट सैल वाटलं म्हणून एकटीनंच खुंटी एक भोक पुढे सरकवली. कर्रर्र असा आवाज आला आणि डाव्या कडेला, कुंपणाच्या वर, तरटाचे सहा-सात उभे धागे तुटले. तिथले मेमेरचे लूप लगेच मोकळे होऊन डोलायला लागले. मी दोन्ही तळहात त्यावर दाबून बसले, जणू जखम आहे. फोन ह्याच्या खिशात, हा बाहेर बर्फ उपसतोय.

मातांत संध्याकाळी आल्या. ओरडतील असं वाटलं होतं. चष्मा बदलला, जाड सुई घेतली, नव्या तरटाच्या कडेचा धागा उसवला आणि रफू करायला बसल्या. एक वर, एक खाली. चाळीस मिनिटं. मग सुटलेले लूप हुकानं परत एकेक वर. शेवटी आपल्या आईबद्दल म्हणाल्या, "मामाँ असती तर तुला स्वयंपाकघरातून हाकललं असतं." मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

16 फेब्रुवारी

काल रात्रीपासून सुएत. डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा आग्नेयेचा वारा. हायलँड्सच्या पठारावरून घसरत येतो आणि पायथ्याशी वेडापिसा होतो. ताशी 200 किलोमीटरच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. घर कण्हत होतं. वीज गेली सकाळी सहाला.

विजेशिवाय लोकरीचे रंग वेगळेच दिसतात. दिव्याखाली मला जे दोन हिरवे एकच वाटत होते, ते खिडकीपाशी नेले तर एक शेवाळी, एक करडा. म्हणजे गेल्या दोन आठवड्यांतलं गवत चुकलंय. साधारण दोन इंच उसवलं. उसवायला आता मलाही पाच सेकंदच लागतात.

दुपारी फ्रिको केलं गॅसवर. कोंबडी, बटाटे, आणि सारिएत नावाचा ओव्याच्या वासाच्या जवळपास जाणारा पाला. मी त्यात मिरी जास्त घालते, ह्या घरात आता ते चालतं.

23 फेब्रुवारी

छपराशी येऊन अडले. कुठला रंग? डब्यात विटकरी आहे, करडा आहे, पिवळा आहे, गडद निळा आहे. मातांत म्हणतात छप्पर लाकडी फळ्यांचं, म्हणजे करडं. ह्याचे काका मॉन्क्टनहून फोनवर म्हणाले, लालसर. आई नेहमी लाल म्हणायची. दोघांपैकी कुणीच ते घर बघितलेलं नाही. दोघंही त्यानंतर जन्मलेली.

अर्धा तास फोनवर भांडण. मी मधे बसून दोन्हीकडचं ऐकत लोकर गुंडाळली.

8 मार्च

आज जे सापडलं ते आधीच दिसायला हवं होतं.

खालचा दांडा पूर्ण उलगडला, कारण काठाचा भाग दुरुस्त करायचा होता. तरट दांड्याच्या कापडाला शिवलेलं असतं. त्या शिवणीच्या जरा अलीकडे, गालिच्याच्या हद्दीबाहेर, चार-चार लूपचे पुंजके. मेमेर रंग लावून बघायची! विटकरीचा पुंजका, करड्याचा, पिवळ्याचा, निळ्याचा. प्रत्येकाजवळ पेन्सिलीचं एक अक्षर, इतकं पुसट की मी मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं.

विटकरीपाशी "ते", म्हणजे फ्रेंच T. तोआ, छप्पर. काका जिंकले.

निळ्यापाशी "एफ". फनेत्र, खिडकी.

करड्यापाशी "पे", म्हणजे P. आणि पिवळ्यापाशीही "पे".

पोर्त म्हणजे दार. पिन्यों म्हणजे घराच्या बाजूची त्रिकोणी भिंत. दोन्ही "पे".

मातांतना फोटो पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, नुसतं उद्गारचिन्ह.

16 मार्च

छप्पर चाललंय. विटकरी धागा पुरतोय. ओळी आडव्या, तरटाच्या विणीबरोबर सरळ. इथली रीत हीच. आकाराची कड आधी एका ओळीनं आखून घ्यायची, मग पोट भरायचं. माझे आता इंचाला साडेसात. मातांतनी आज काही उसवलं नाही.

मधे एलिझाबेथ लफोर्तचा विषय निघाला. गेल्या उन्हाळ्यात ले त्रवा पिन्यों संग्रहालयात तिचं दालन पाहिलं होतं. इथल्याच पंचक्रोशीत 1914 साली जन्मली, 2005 साली गेली. याच हुकानं, याच लोकरीनं ती माणसांचे चेहरे करायची. आयझेनहॉवरचं चित्र व्हाइट हाउसमध्ये, पोपचं व्हॅटिकनमध्ये, राणीचं बकिंगहॅम राजवाड्यात. जवळ गेलं की नुसते ठिपके, चार पावलं मागे सरकलं की गालावर उजेड. मला खरं सांगायचं तर चेहऱ्यांपेक्षा एका कपड्याची घडी जास्त लक्षात राहिली.

मातांत म्हणाल्या, "ती कलाकार. आम्ही हुकज." गालिचे ओढणाऱ्या बाईला इथे हुकज म्हणतात. मी म्हटलं, पण सहकारी दुकानात तुमच्या कामाला लावलेल्या चिठ्ठीवर "लोककलाकार" लिहिलंय. "ते पर्यटकांसाठी. चिठ्ठीवर काहीही लिहितात. कोस्टर विकून मी छपराचं पत्र्याचं काम केलं, ते लिही."

लिहिलं.

27 मार्च

मी-कारेम. ईस्टरआधीच्या उपासाच्या मध्यावर इथे सोंगं निघतात. मुखवटे, जुने कोट, बाईचा बाप्या आणि बाप्याची बाई. घरोघर जायचं, आवाज बदलायचा, आणि घरच्यांनी ओळखायचं कोण ते. शिमग्यातल्या सोंगांची आठवण न येणं अशक्य. फक्त इथे पायाखाली बर्फ.

आमच्याकडे पाच जण आले. एकानं मुखवट्यासह सरळ चौकटीपाशी जाऊन बसून हूक उचलला आणि सात-आठ लूप ओढले, झपाझप, एकसारखे. त्यावरून मी ओळखलं. मातांत! टाळ्या पडल्या. ते लूप छपरात तसेच ठेवलेत. डाव्या कोपऱ्यापासून चौथ्या ओळीत.

6 एप्रिल

"पे"चा निकाल लागला, निदान माझ्यापुरता. मातांतचा युक्तिवाद असा: भिंत लाकडी फळकुटांची, खाऱ्या वाऱ्यात ती आपोआप करडी पडते, तिला कोण रंग देतंय. मग पिवळं दार. पण दाराला तरी रंग कुठून आणला असेल? "बोटीचा उरलेला. इथे सगळ्यांची दारं बोटीच्याच रंगाची."

काका म्हणतात त्यांच्या आजोबांची बोट पांढरी होती. आता दुसरं भांडण सुरू.

पिवळं दार करायचं ठरवलं. दार अडीच बाय साडेचार इंच. पिवळा गुंडा वजनकाट्यावर ठेवला: 9 ग्रॅम. माझ्या हिशेबानं अर्धंही होणार नाही.

12 एप्रिल

रंगकाम. पिवळ्यासाठी कांद्याची सालं, हे मातांतनी सांगण्याआधीच मला ठाऊक होतं. हातांना लागलेलं पिवळं आमच्या घरात कुणी विसरत नाही. तीन आठवडे सालं साठवली, शेजारणींकडून दोन पिशव्या मिळाल्या.

पांढरी लोकर 50 ग्रॅम, धुऊन ओली. तुरटी 5 ग्रॅम गरम पाण्यात विरघळवून त्यात लोकर तासभर, उकळू न देता. उकळली आणि वर ढवळलं की लोकर आटते, नमदा होतो. तुरटीशिवाय रंग धरत नाही असं नाही, पण धुण्यात आणि उन्हात लवकर उतरतो. सालं वेगळ्या पातेल्यात तासभर उकळून गाळली. मग लोकर त्या पाण्यात.

वीस मिनिटांत केशरी. फारच केशरी. मेमेरचा पिवळा त्याच्यापुढे आजारी दिसत होता. उरलेली लोकर दुसऱ्यांदा त्याच पाण्यात घातली, रंग आधीच पहिलीनं शोषलेला, त्यामुळे दुसरी फिकी निघाली. ओली असताना गडद वाटली, वाळल्यावर जुळली. जवळपास. उजेडात अर्ध्या छटेचा फरक आहे आणि तो राहणार.

घरभर कांद्याचा वास. हा म्हणाला, भजी कुठेयत?

20 एप्रिल

दार सुरू केलं. वरचा भाग मेमेरच्या लोकरीनं, खालचा माझ्या. मधे जोड सरळ रेषेत येऊ दिला नाही, तीन ओळी दोन्ही धागे आलटून पालटून घेतले, म्हणजे सांधा डोळ्यांत भरत नाही.

भिंतीचं करडं पूर्ण. शेजारचा तो गोल दगडही त्याच करड्यानं भरून टाकला, वीस मिनिटांचं काम.

3 मे

बर्फ उतरलं. ल ब्युतेरोच्या पायवाटेनं गेलो. तिथे जुन्या अकादी घरांचे पाये अजून दिसतात, दगडांच्या ओळी आणि मधे खड्डा, त्यात झुडपं. मेमेरचं घर नेमकं कुठलं ते ह्याला माहीत नाही, आणि मीही विचारलं नाही. समुद्र मात्र तिनं बरोबर केलाय. वरून पाहिलं तर पाणी निळं नसतंच, शिशासारखं राखाडी, आणि किनाऱ्यापाशी एकच पट्टा हिरवट. तो पट्टा गालिच्यात आहे. मी इतके दिवस त्याला धाग्याची चूक समजत होते.

11 मे

लॉब्स्टरचा हंगाम. हा पहाटे तीनला उठतो आणि अंधारात चौकटीला गुडघा आपटून घेतो. चौकट आता पडवीत.

दार झालं. खिडक्या झाल्या. उरलं ते कडेचं: तरट तीन बोटं सोडून कापायचं, दुमडून पट्टी शिवायची, मग ओलं फडकं घालून मागून इस्त्री.

फोटो काकांना पाठवला. लगेच फोन. छप्पर बरोबर, दार मान्य नाही, पण असू दे. "आणि कोंबडी कुठेय?"

"कुठली कोंबडी?"

"दारापाशी. आई सांगायची ना, घर सोडलं त्या दिवशी एक कोंबडी सापडेना, ती तिथेच राहिली."

मूळ पेन्सिलीची रेघ मागच्या बाजूनं पाहिली. माझ्या करड्या दगडाच्या एका टोकाला, अगदी पुसट, चोच.

पाच सेकंदांत दगड उसवला. काठावरचे पुंजके परत दोनदा तपासले, टॉर्च तिरका धरून. विटकरी, करडा, पिवळा, निळा. कोंबडीचा रंग कुठेच नाही. मातांत उद्या येतायत, त्यांच्या मते पांढरी. मी डब्यातला तपकिरी गुंडा वर काढून ठेवलाय.